श्रमावांचून अन्न कोणास ?
(फॅमिन कोडांतील धर्मादाय मदतीच्या कलमाचा विचार)

दक्षिणेंतील दुष्काळांविषयीं लिहितांना आपल्याकडील लेखकांची दृष्टि बहुधा कामांकडे जाते. नीरेचा कालवा, म्हसवडचा तलाव, दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातकाम हीं इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळाचीं स्मारकें अद्यापि डोळ्यांसमोर आहेत. त्यांवर राबलेल्या मजुरांचे आंकडे सरकारी अहवालांत नमूद आहेत, आणि 'खडी फोडणें' हा शब्दप्रयोग तर मराठींत दुष्काळाशीं कायमचाच जोडला गेला आहे. परंतु दुष्काळांत सर्वच माणसें कामावर जात नसत. आंधळीं, पांगळीं, जराजर्जर, तान्ह्या मुलाच्या आया, आजाऱ्यापाशीं बसणारीं माणसें, हीं सर्व गांवींच राहात. त्यांना अन्न कोण देई, कोणत्या नियमानें देई, आणि ह्याला कामाची सूट आहे व त्याला नाहीं हें कोण ठरवी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरकरणी लहानसा दिसतो खरा. परंतु त्या काळीं एका यादींत नांव असणें वा नसणें यावर पुष्कळांचें जगणें-मरणें अवलंबून होतें, हें ध्यानांत ठेवून तो वाचावा.

भुकेल्यास अन्न देण्यापूर्वीं त्याजकडून काम घ्यावें, ही कल्पना आपल्याकडील दानधर्माच्या कल्पनेहून निराळी आहे. अन्नछत्रांत जेवावयास आलेल्या मनुष्यास तूं आज काय केलेंस असें कोणी विचारीत नसे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंताची जी कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते तींतही सरकारी कोठारें उघडून धान्य लुटविल्याचें वर्णन आहे, मोबदल्याचें नाहीं. उलटपक्षीं दुष्काळांत काम काढून लोकांस पोसण्याची चाल राजेलोकांस अगदींच अपरिचित होती असेंही नाहीं. लखनौचा बडा इमामबाडा नबाब आसफउद्दौल्यानें इ. स. १७८४ च्या दुष्काळांत लोकांस काम मिळावें म्हणून बांधावयास घेतला, हें सुप्रसिद्ध आहे. त्या संबंधांत एक आख्यायिका अशी सांगतात कीं, घरंदाज लोकांस दिवसाढवळ्या मजुरी करण्याची लाज वाटे, म्हणून त्यांजकरितां रात्रीं काम चालवीत असत. आख्यायिकेची ऐतिहासिक किंमत बेताचीच. तरी कामाच्या अटीपुढें अब्रूचा प्रश्न उभा राहातो हें लोकांस पूर्वींच उमगलें होतें, एवढें तीवरून दिसतें. पुढें फॅमिन कोडांतही हाच प्रश्न आला.

इंग्रज अंमलदार हिंदुस्थानांत आले ते आपल्या देशांतील गरिबांच्या कायद्याचे संस्कार घेऊन आले. एलिझाबेथ राणीच्या इ. स. १६०१ च्या कायद्यानें गरिबांचे दोन वर्ग केले होते: जे अंगानें असमर्थ त्यांस पोसावें, व जे धडधाकट त्यांस कामास लावावें. इ. स. १८३४ च्या सुधारलेल्या कायद्यानें त्यांत कडकपणा आणला. मदत पाहिजे तर धडधाकट मनुष्यानें घरदार सोडून 'वर्कहाउसां'त जाऊन राहावें, आणि तेथील जिणें बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराच्या जिण्याहूनही कमी सुखाचें असावें, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असा त्यामागील तर्क होता. या तर्कास त्यांच्या भाषेंत कसोटी म्हणत. कसोटी आपोआप लागते, चौकशीची दगदग नको, हें तिचें आकर्षण होतें.

इ. स. १८३७-३८ च्या आग्रा प्रांतांतील दुष्काळांत कंपनी सरकारनें याच तत्त्वाचा अर्धाच भाग उचलला. काम करूं शकणाऱ्यांस काम देणें हें सरकारचें कर्तव्य. अपंग व निराधार यांचा भार मात्र लोकांच्या दानशूरतेवर सोडावा, असें धोरण ठरलें. म्हणजे ज्यांस कामाची सूट मिळाली त्यांस सरकारच्या अन्नांतूनही सूट मिळाली ! पुढील तीस वर्षांत ही वृत्ति थोडी थोडी बदलली. इ. स. १८६६ सालीं ओरिसांत जी भयंकर मनुष्यहानि झाली तिचा धसका सरकारनें घेतला, आणि १८६८ सालीं वायव्य प्रांतांत सर विल्यम म्यूर यांच्या कारकीर्दींत, भुकेनें कोणी मेल्यास जिल्ह्याचा अंमलदार जबाबदार धरला जाईल असें बजावण्यांत आलें. १८७३-७४ सालीं बिहारांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला. माणसें फारशीं मेलीं नाहींत. पण खर्च फार झाला म्हणून टेंपलसाहेबांवर टीकेचा भडिमार झाला. तीनच वर्षांनीं तेच गृहस्थ दख्खनच्या दुष्काळावर पाठविले गेले, तेव्हां ती टीका त्यांच्या मनांतून गेली नव्हती असें त्यांच्या वर्तनावरून म्हणावें लागतें.

इ. स. १८७६ च्या पावसाळ्यानें दगा दिल्यावर मुंबई सरकारनें दोन प्रकारचीं कामें काढलीं. मोठीं कामें बांधकाम खात्याच्या देखरेखीखालीं धडधाकट लोकांकरितां, आणि लहानसहान कामें मुलकी अंमलदारांच्या हाताखालीं अशक्तांकरितां. ही वांटणी कागदावर ठीक होती. परंतु जानेवारी १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून टेंपलसाहेब आले व त्यांनीं काटकसरीचें धोरण चालविलें. मुलकी कामांवरील पुरुषास दिवसा एक रत्तल धान्याची किंमत व वर अर्धा आणा, हा जो दर तेव्हां ठरला तो 'टेंपलची मजुरी' या नांवानें इतिहासांत राहिला आहे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं एवढ्या अन्नावर श्रम करणाऱ्या मनुष्याचा देह टिकणार नाहीं असा जोराचा आक्षेप घेतला. आमच्या प्रांतांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकारानें तोच मुद्दा अर्जामागून अर्ज करून मांडला. सभेनें गांवोगांवच्या हकीकती जमवून सरकारकडे पाठविल्या. त्या काळच्या लोकस्थितीचा अभ्यास करणारास त्या हकीकतींइतकें दुसरें उपयोगी साधन क्वचितच सांपडेल.

नवा दर लागू होतांच व धडधाकटांनीं दूरच्या मोठ्या कामांवर जावें असा हुकूम सुटतांच हजारों मजूर कामें सोडून चालते झाले. या प्रसंगाचे दोन अर्थ लावण्यांत आले, आणि कसोटीच्या तर्काचें खरें स्वरूप त्या दोन अर्थांत दिसून येतें. सरकारी पक्ष म्हणे, जे काम सोडून गेले ते मुळांत भुकेले नव्हतेच. कसोटीनें आपलें काम केलें. सभेचा पक्ष म्हणे, अर्धपोटीं राबून मरण्यापेक्षां आपल्या गांवीं मरणें लोकांनीं पत्करलें. आमच्या मतें सरकारी अर्थांत एक मूलभूत दोष आहे. कसोटीस जो उतरला तो गरजू, आणि जो उतरला नाहीं तो गरजू नव्हे, असें एकदां गृहीत धरलें म्हणजे कसोटी चुकली हें सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाहीं. आजारी म्हाताऱ्याला सोडून जातां येत नाहीं म्हणून जो कामावर गेला नाहीं तो, आणि घरीं पेव भरलेलें आहे म्हणून जो गेला नाहीं तो, असे दोघेही हजेरीपटावर सारखेच गैरहजर !

त्या वेळीं गांवीं राहिलेल्या असमर्थांची तरतूद तुटपुंजी होती, व खासगी दानधर्मावर पुष्कळ भार पडला. जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी यांनीं १८७७ सालीं धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली, ती अशा प्रयत्नांपैकींच होय. १८७६ ते १८७८ या काळांत ब्रिटिश मुलखांत नेहमींच्या मानाहून सुमारें साडेबावन्न लक्ष माणसें अधिक मेलीं, असा अंदाज पुढें फॅमिन कमिशननेंच केला.

हें कमिशन सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं बसलें व त्याचा अहवाल १८८० सालीं बाहेर पडला. त्यांत एतद्देशीय सभासद दोन होते. म्हैसूरचे रंगाचार्लू व कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे. (ज्यांनीं १८८२ सालीं टिळक व आगरकर यांजवर अब्रूनुकसानीचा खटला चालवून त्यांस डोंगरीचा तुरुंग दाखविला तेच हे माधवराव बर्वे.) कमिशननें १८३७ सालचा अर्धवटपणा टाकून दिला. धडधाकटास कामाच्या मोबदल्यांत पोटापुरती मजुरी, आणि जो काम करूं शकत नाहीं त्यास त्याच्याच गांवीं सरकारकडून विनामूल्य मदत, अशीं दोन्ही कर्तव्यें सरकारचींच मानलीं. त्या अहवालाच्या आधारें १८८३ सालीं हिंदुस्थान सरकारनें नमुन्याचें कोड प्रांतांकडे धाडलें व प्रत्येक प्रांतानें त्याला धरून आपापलें कोड केलें. येथें एक खुलासा करणें जरूर आहे. कोड हा शब्द ऐकून पुष्कळांस हा कायदा असावा असें वाटतें. तसें नाहीं. हा अंमलदारांस दिलेल्या सूचनांचा संग्रह होता. त्यांतील हक्कासाठीं न्यायालयांत दाद मागण्याची सोय नव्हती.

आतां मुख्य कलमाकडे वळूं. गांवांतील विनामूल्य मदतीस पात्र कोण ? जे शरीरानें कामास नालायक आहेत, किंवा ज्यांना कामासाठीं घर सोडतां येत नाहीं, आणि शिवाय ज्यांस पोसण्यास समर्थ व रूढीनें बांधलेला असा कोणी नातलग नाहीं, ते. पुढें उदाहरणादाखल सहा प्रकार सांगितले आहेत: वेडे व बुद्धिहीन, लुळेपांगळे, आंधळे, वार्धक्यामुळें किंवा अशक्तपणामुळें ज्यांस आपलें पोट भरतां येत नाहीं असे सर्व, आजाऱ्याची किंवा तान्ह्या मुलांची घरीं शुश्रूषा करण्यासाठीं ज्यांचें राहाणें अगदीं अवश्य आहे ते, आणि देशरूढीमुळें ज्यांस चारचौघांत बाहेर पडतां येत नाहीं अशा कुलीन पण निराधार स्त्रिया.

पहिल्या तीन प्रकारांविषयीं विशेष लिहिण्यासारखें नाहीं; आंधळा व पांगळा कोणासही ओळखतां येतो. चौथ्या प्रकारापासून मात्र अडचणीस आरंभ होतो. वार्धक्य म्हणजे किती वर्षें ? कोडाच्या यादींत वयाचा आंकडा दिलेला नाहीं. दिला असता तरी खेड्यांत उपयोग नव्हता, कारण आपला जन्मशक सांगूं शकणारा कुणबी विरळा. तेव्हां निर्णय सर्वस्वीं पाहाणाराच्या डोळ्यावर राहिला. अशक्तपणाचें तर त्याहूनही बिकट. भूक हीच मुळीं अशक्तपणाचें कारण; आज जो घण उचलतो तो तीन आठवड्यांनीं पाटी उचलूं शकत नाहीं. कोडानें मजुरांचे चार वर्ग कल्पिले होते. मजुरीचा धंदाच असलेले, धंदा नसला तरी मेहनतीची संवय असलेले, धडधाकट पण मेहनतीची संवय नसलेले, आणि चौथा हलकें काम कसेंबसें करूं शकणाऱ्या दुर्बळांचा. हा चौथा वर्ग व धर्मादाय मदतीचा वर्ग यांमधील सीमा फार अस्पष्ट होती. मनुष्य पहिल्या वर्गांत कामावर चढावा, उतरत उतरत चौथ्यांत यावा आणि यादींत नांव चढण्यापूर्वींच संपावा, हा क्रम अशक्य नव्हता. म्हणूनच वरचेवर तपासणी करण्यावर कोडानें भर दिला.

नातलगाची अट वाचावयास सोपी, पण लावावयास कठीण. विधवेचा दीर जिवंत आहे. रूढीनें तो तिला पोसण्यास बांधलेला आहे. पण दुष्काळांत त्याच्याच घरीं चूल पेटत नाहीं. मग तो 'समर्थ' कीं 'असमर्थ' ? दीर स्वतः कामावर गेला म्हणजे त्याच्याबरोबर छावणींत गेलेल्या न काम करणाऱ्या आश्रितांस तेथें खावयास मिळण्याची तरतूद होती. पण आंधळ्या सासूस दहा कोसांवर नेणें होईना, तर ती मागें राही आणि तिचा पोसणारा आहे असें कागद म्हणे. एकत्र कुटुंब ही आपली जुनी विमाव्यवस्था खरी. परंतु दुष्काळ सर्व कुटुंबावर एकदमच येतो, आणि त्या वेळीं तिच्या भरंवशावर यादी कापणें हें फसवें ठरतें.

पांचवा प्रकार आमच्या मतें सर्व यादींत अधिक विचाराचा आहे. आजारी व तान्हीं यांची शुश्रूषा हें एक काम आहे, आणि तें करणाऱ्यास दुसरें काम सांगूं नये, असें येथें सरकारनें प्रथमच मान्य केलें. 'अगदीं अवश्य' हे शब्द घालून दार अरुंद केलें हें खरें. तरी दार ठेवलें. ही सूट जगांत इतरत्रही आढळते, व तीवर तंटेही तसेच होतात. अमेरिकेंत सरकारी अन्नमदतीस १८ ते ५० वर्षांच्या आंतील, पदरीं मूल नसलेल्या धडधाकट माणसांकरितां १९९६ सालच्या कायद्यानें अट घातली कीं, आठवड्यास वीस तास काम न केल्यास छत्तीस महिन्यांत तीनच महिने मदत मिळेल. त्यांतून शरीरानें वा मनानें कामास असमर्थ, गर्भवती स्त्रिया व मुलें पदरीं असलेले यांस वगळलें होतें. २०२३ सालीं वयाची मर्यादा ५४ पर्यंत वाढवून बेघर लोक, माजी सैनिक व सरकारी संगोपनांतून बाहेर पडलेले तरुण यांस नवी सूट दिली. २०२५ च्या कायद्यानें मर्यादा ६४ पर्यंत नेली, त्या तिन्ही सवलती काढून घेतल्या, आणि आईबापांची सूट चौदा वर्षांखालील मुलें असणाऱ्यांपुरतीच ठेवली. देश, काळ व सुबत्ता यांत जमीनअस्मानाचें अंतर. पण १८८३ ची यादी व ही यादी शेजारीं शेजारीं ठेवली तर आजारीपण, बाळंतपण व मुलें हींच नांवें पुनः पुनः येतात. भेद एवढाच कीं तेथें वयाचा आंकडा ठरतो, येथें पाटलाची नजर ठरवी.

सहाव्या प्रकारांत, अब्रूदार स्त्रियांच्या सुटींत, एक विसंगति आहे ती न सांगतां पुढें जाणें बरें नव्हे. उत्तर हिंदुस्थानांत पडद्याची चाल दृढ असल्यामुळें तेथें हें कलम स्वाभाविक होतें. अशा स्त्रियांस घरीं सूत कातण्यास देण्याची वहिवाटही कांहीं ठिकाणीं होती. दख्खनांत गोषा पाळणारीं घराणीं थोडीं. तरी येथेंही ज्या कुळांतील बायका पूर्वीं शेतावर गेल्या नाहींत त्यांस सवलत, आणि ज्या जन्मभर राबल्या त्यांस पाटी व फावडें, असा अर्थ या कलमांतून निघाला. लाज दोघींसही असते. सरकारनें मात्र ती कुळावरून मोजली.

यादींत कोण नव्हते हेंही पाहिलें पाहिजे. विणकराचें उदाहरण घ्या. तो आंधळा नाहीं, पांगळा नाहीं. म्हणून त्यास सूट नाहीं. पण महिनाभर खडी फोडली कीं त्याचे हात मागावर बसण्याच्या लायकीचे राहात नाहींत, आणि दुष्काळ सरल्यावर त्याचा धंदा जातो. कारागिरांस त्यांच्याच धंद्याचें काम द्यावें अशी सूचना कोडांत होती, पण ती अंमलदाराच्या मर्जीवर. १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापुरास विणकरांची अशीच दैना झाली, तेव्हां बाळ गंगाधर टिळक यांनीं तेथें जाऊन व्यापारी व सरकार यांनीं मिळून विणकरांस मागावरच पोसावें अशी योजना मांडली. सरकारनें ती स्वीकारली नाहीं. दुसरें उदाहरण डोंगरी लोकांचें. भिल्लादि लोक आपलें रान सोडून दूरच्या छावणींत राहावयास राजी नसत. धडधाकट म्हणून त्यांस धर्मादाय नाहीं, आणि घर सोडवत नाहीं म्हणून काम नाहीं, अशा कात्रींत ते सांपडत.

निर्णय करणारांची सांखळी अशी होती: पाटील-कुलकर्ण्यांनीं यादी करावी, सर्कल इन्स्पेक्टरानें गांवोगांव फिरून ती तपासावी, आणि त्यावर वरिष्ठांची नजर असावी. इन्स्पेक्टराकडे गांवें पुष्कळ. तेव्हां पाटील-कुलकर्ण्यांची पहिली यादी हाच व्यवहारांत पाया. वाड्याच्या ओसरीवरील म्हातारा त्यांच्या सहज डोळ्यांपुढें असे. गांवकुसाबाहेरच्या आंधळ्या म्हातारीचें नांव चढण्यास कोणीतरी चावडीपर्यंत जाऊन तें सांगावें लागे, आणि सांगणाराचा शब्द तेथें चालावा लागे.

अशा स्थितींत लोकांस नियम ठाऊक असणें याला फार महत्त्व होतें, आणि १८९६-९७ सालच्या सार्वजनिक सभेच्या चळवळीचें मर्म येथें आहे. टिळकांनीं 'केसरी'तून व सभेनें पत्रकांतून कोडांतील तरतुदी मराठींत समजावून दिल्या. सभेचे कार्यकर्ते खेडोपाडीं सभा भरवून पीक बुडालें असतां साऱ्याची सवलत कशी मागावी, काम कसें मागावें, अपंगांस मदत कशी मागावी हें सांगत फिरले. पूर्वीं जो मनुष्य दयेची याचना करी तो आतां कलमाकडे बोट दाखवूं लागला. सरकारास हें रुचलें नाहीं. ठाणें जिल्ह्यांत कार्यकर्त्यांवर खटले झाले, आणि १८९७ सालीं लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें लोकांची प्रतिनिधि या नात्यानें सभेस मान्यता देणें बंद केलें. आपल्याच अंमलदारांस दिलेल्या सूचना लोकांस वाचून दाखविल्या, यापलीकडे सभेचा अपराध काय होता हें शोधूं गेल्यास फारसें हातीं लागत नाहीं.

धर्मादाय मदतीचे प्रकार तीन असत: गांवांत रोख वा धान्य, शिजविलेलें अन्न, आणि भिकारी व भटके यांजकरितां कंगालखाने. शिजविलेलें अन्न हीही एक कसोटीच होय, हें सहसा लक्षांत येत नाहीं. ओरिसांत १८६६ सालीं सरकारी अन्नछत्रांत जेवलेल्यांस जातीनें बाहेर टाकलें, व 'छत्रखिया' नांवाचा एक वेगळा वर्गच बनला. ही आठवण ताजी असल्यामुळें पुष्कळ अंमलदार कोरडें धान्य देणें पसंत करीत. पण कोरडें धान्य दिलें कीं तें घरांतील धडधाकटाच्या पोटांत जातें आणि मूल उपाशी राहातें, ही तक्रारही खोटी नव्हती. १८९९-१९०० सालीं मध्यप्रांतांत खेडोपाडीं स्वयंपाकघरें उघडून मुलांस व दुर्बळांस तेथेंच जेवूं घालण्याचा मार्ग पुष्कळ प्रमाणांत अवलंबिला गेला.

तो संवत १९५६ चा, गुजराथेंत 'छप्पनिया' म्हणून प्रसिद्ध असलेला दुष्काळ. १९०० च्या पावसाळ्यांत साऱ्या हिंदुस्थानांत एका वेळीं साठ लक्षांहून अधिक लोक सरकारी मदतीवर होते. आरंभीं लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें, सढळ दानानें लोक आळशी बनतील असें बजावून कसोट्या कडक करण्याचा उपदेश केला होता. मुंबई इलाख्यांत नेमलेलें काम पुरें न करणारास किमान मजुरीहूनही कमी देण्याची दंडाची पद्धत चालली; काम अपुरें राहिलें तें आळसानें कीं अशक्तपणानें, हें ठरविण्याचें मुकादमाकडे साधन नव्हतें. दुष्काळानंतर सर अँटनी मॅक्डॉनेल यांच्या कमिशननें १९०१ सालीं जो अहवाल दिला त्याचा सूर मात्र निराळा आहे. आरंभापासूनच लोकांस धीर द्यावा, सारा तहकूब करून व तगाई देऊन त्यांचा पाय घसरूं देऊं नये, गांवांची पाहाणी लवकर करून असमर्थांस वेळेवर मदत पोंचवावी, असें त्या कमिशननें सांगितलें. मॅक्डॉनेलसाहेब स्वतः १८९७ सालीं वायव्य प्रांताचे अधिपति असून तेथें धर्मादाय मदत सढळपणें दिली गेली होती, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

स्वातंत्र्योत्तर काळाचा वृत्तान्त थोडक्यांत देतों. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्र सरकारच्या कामांवर ऐन उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लक्ष मजूर होते, आणि कामावर सुकडी वांटली जाई. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें निघालेली रोजगार हमी योजना १९७७ सालच्या कायद्यानें पक्की झाली व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. फॅमिन कोडांत जी केवळ सूचना होती तिला येथें हक्काचें रूप आलें: ग्रामीण भागांतील जी प्रौढ व्यक्ति अंगमेहनतीचें काम मागेल तिला तें दिलें पाहिजे. परंतु हा हक्क कोडाच्या पहिल्या अर्ध्या भागाचाच होता. जो काम मागूंच शकत नाहीं त्याच्याविषयीं या कायद्याला बोलावयाचें नव्हतें. तो दुसरा अर्धा भाग १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रूपानें आला. निराधार आंधळे, अपंग, दुर्धर रोगानें पीडित, अनाथ मुलें व निराधार विधवा यांस तींत मासिक अनुदान ठेवलें. तिची यादी कोडांतील सहा प्रकारांशीं ताडून पाहावी. कुलीन स्त्रियांचें कलम नाहींसें झालें आहे. कुळ न पाहातां केवळ निराधारपणा पाहिला आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचें कलमही तींत आढळत नाहीं. आणि अपंगत्व ठरविण्याचें काम पाटलाच्या नजरेवरून निघून सरकारी डॉक्टरच्या दाखल्यावर, व अर्ज मंजूर करण्याचें काम तालुक्याच्या समितीकडे गेलें आहे.